एकट्याने चालवायचं यंत्र

बुधवार, दुपार
दुकानातून

प्रिय मिस्त्री,

मुकादमाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. प्रत्यक्ष घातला तर उठवायला इथे कोण आहे?) गुडघा कसा आहे? डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले व्यायाम करतोस, की सूनबाई खोलीत आल्या की तेवढ्यापुरता पाय हलवतोस? वहिनींचा खोकला थांबला का? नातीला दोन दात आले असं लिहिलंस, वाचून आनंद झाला. आता तिचे आणि तुझे मिळून एकूण किती झाले तेही कळव. चिरंजिवांना आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी आणि तुझी वहिनी. ती माझ्याशी बोलते आहे, फक्त बाथरूमचा विषय सोडून. त्याबद्दल पुढे लिहीनच.

तुझं पत्र पोचलं आणि त्यातला कागदही पोचला. पत्र तीनदा वाचलं. कागद एकदाच वाचला, कारण त्यात समजून घेण्यासारखं काही नाही: दुकान यापुढे एकट्या मुकादमाचं, मिस्त्रींचा त्याच्याशी संबंध उरला नाही, खाली तुझी सही आणि शेजारी माझ्या सहीसाठी मोकळी जागा. गुडघ्यासाठी म्हणून दोन महिने गेलास, त्याला आता आठ महिने झाले. मुलाने मागच्या बाजूला खोली बांधली, तिच्यात सकाळचं ऊन येतं, नात तुझ्याशिवाय झोपत नाही, सगळे म्हणतात आता इथेच राहा, हे सगळं तू दोन पानं भरून लिहिलंस. (तुझ्या हातून दोन पानं. दुकानाच्या वहीत तू कधी दोन ओळी लिहिल्या नाहीस.) आणि शेवटी तुझी अट: ते हलत्या पात्याचं नवं यंत्र घे, त्याला दुसरा माणूस लागत नाही, महिनाभर चालवून बघ. एकट्याने जमलं तर सही करून कागद पाठव, म्हणजे मी इथे निवांत राहीन. नाही जमलं तर स्वच्छ तसं लिही, सामान बांधतो आणि येतो. त्याखाली दोन रेघा मारून: खरं काय ते लिही.

तर खरं लिहितो. जमतंय. उत्तम जमतंय. कागद सही करून सोबत जोडला आहे, तू तुझ्या उन्हाच्या खोलीत सुखाने राहा. पत्र खरं म्हणजे इथेच संपायला हवं, पण पाठकोरा कागद शिल्लक आहे, दुपारचं गिऱ्हाईक नाही, आणि नुसतं जमतंय एवढंच लिहिलं तर तुला शंका येईल. तू मला एकतीस वर्षं ओळखतोस. म्हणून तपशिलात लिहितो.

पत्रासोबत यंत्राच्या सूचनांची वेगळी पानं जोडली होतीस, त्यातली आठ प्रश्नांची यादी यंत्र घ्यायला गेलो तेव्हा बरोबर नेली होती. हत्यारांच्या त्या मोठ्या दुकानात आता सगळं काचेच्या कपाटात असतं आणि काउंटरवर एक बाई असतात, चष्मा दोरीला अडकवून गळ्यात घालणाऱ्या. मी यादी उघडली आणि एकेक प्रश्न वाचून दाखवायला लागलो. पातं किती अंश हलतं? पातं बदलायला किल्ली लागते की खटक्यावर निघतं? पात्याचं भोक सगळ्या कंपन्यांना चालणारं आहे, की पुढची बारा वर्षं याच कंपनीच्या पायाशी बसायचं? वेग कमी-जास्त होतो का? बाईंनी चष्मा लावला, यादी माझ्या हातून घेतली आणि म्हणाल्या की ही ज्यांनी लिहिली त्यांना काम येतं. मी म्हटलं, हो. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढची सगळी उत्तरं यादीकडे बघून दिली. त्या बाई हुशार आहेत.

तू लिहिलं होतंस की यंत्र पाच मिनिटं चालू ठेवून हातात धर, मुंग्या आल्या तर परत ठेव. पहिल्या यंत्राने मुंग्या कोपरापर्यंत आल्या आणि माझं मनगटी घड्याळ, जे मागच्या वर्षापासून बंद होतं, ते चालू झालं. (अजून चालू आहे. वीस मिनिटं पुढे जातं, पण जातं.) दुसरं इतकं जड की ते धरायलाच एक माणूस वेगळा ठेवावा लागेल, मग घ्यायचं कशाला? तिसरं बरं वाटलं. पातं उजवी-डावीकडे इतकं थोडं हलतं की डोळ्याला हललेलं दिसतच नाही, नुसती कड धूसर होते आणि लाकूड गुपचूप कापलं जातं. हॉस्पिटलात प्लास्टर कापायचं यंत्र याच जातीचं, असं बाई म्हणाल्या, पण हात लावून खात्री करू नका असंही म्हणाल्या. मला तुझ्या मनगटाचं प्लास्टर आठवलं. तू डोळे घट्ट मिटून माझा हात धरून बसला होतास, आणि कंपाउंडरला पुरे, पुरे असं मीच सांगत होतो.

इथे माझ्याकडून एक आज्ञाभंग झाला, तो कबूल करतो. वायरचं घे, दुकानात प्लग आहे, असं तू स्पष्ट लिहिलं होतंस. मी बॅटरीचं घेतलं. कारण पेटीत दोन बॅटऱ्या होत्या. एक कामावर असते तेव्हा दुसरी कोपऱ्यात चार्जरवर बसून तयार होत असते, आणि पहिली दमली की दुसरी उठते. ती व्यवस्था मला फार आवडली आणि वायरचं बघावंसंच वाटेना. निघताना बाईंनी पावतीबरोबर एक अर्ज भरायला दिला, त्यात वापरणार किती माणसं असा रकाना होता. मी दोन लिहिलं. सवयीने लिहिलं गेलं, खोडायला पेन मागितलं तर बाई म्हणाल्या राहू द्या, काही बिघडत नाही.

दुकानात आणून पेटी उघडली. सोबत एक पुस्तक आहे, त्यात नुसती चित्रं आहेत आणि प्रत्येक चित्रात तोच माणूस: चेहरा कोरा, डोळ्यांवर चष्मा, कानांवर टोप्या, तोंडाला फडकं, हातात यंत्र. चव्वेचाळीस पानं मी उलटून पाहिली, एकाही चित्रात दुसरा माणूस नाही. बिचारा स्वतःच चौकट धरतो, स्वतःच कापतो आणि स्वतःच झाडतो. मीही त्याच्यासारखाच नटलो, चष्मा, टोप्या, फडकं. तेवढ्यात समोरचा शिंपी सहज डोकावला आणि कोण आजारी आहे असं विचारून गेला. मग मी एक जुना ठोकळा शिकंज्यात अडकवला आणि तुझ्या सूचनेप्रमाणे यंत्र आधी चालू केलं, मग टेकवलं, दाबलं नाही, नुसतं डोलवत नेलं. दाबलं की पातं जळतं आणि धूर निघतो, हे तू लिहिलं होतंस. ते खरं आहे. धूर निघतो.

पण दोन दिवसांत हात बसला. खिळ्यांची डोकी कापली, जुन्या खिडकीच्या काचेभोवतीची वाळलेली पुट्टी खरवडली, यंत्राच्या त्रिकोणी पायावर पॉलिश पेपर लावून कोपरे घासले. जिथे तुझी पटाशी पोचत नसे आणि तू लाकडाला शिव्या घालायचास, तिथे हे यंत्र नाक खुपसून सहज जातं. तुला ते आवडलं असतं. तू ते हातात घेऊन आधी दहा नावं ठेवली असतीस आणि मग संध्याकाळपर्यंत मला हात लावू दिला नसतास.

मग पहिलं खरं काम आलं. पलीकडच्या गल्लीतल्या मुख्याध्यापिकाबाई, निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त न झालेल्या, त्यांनी घरभर लाकडी फळ्यांची नवी फरशी घालायला घेतली आहे. फळ्या दारांच्या चौकटींखाली सरकवायच्या तर प्रत्येक चौकट बुडाशी फळीच्या जाडीएवढी कापायला हवी. म्हणजे नेमकं या यंत्राचं काम. तू लिहिलेली युक्ती केली: फळीचा एक तुकडा जमिनीवर उपडा ठेवला, त्यावर पातं आडवं टेकवलं आणि चौकटीत घातलं. पहिली चौकट अशी कापली गेली की फळी खाली हात न लावता सरकली. मिस्त्री, मी ती फळी तीनदा बाहेर काढून तीनदा आत सरकवली. बाई खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होत्या, त्यांनी वर पाहून ठीक आहे असं म्हटलं. त्यांचं ठीक आहे म्हणजे तुला माहीतच आहे, इतरांचं पहिला नंबर.

दुसऱ्या चौकटीला खेटून चपलांचं कपाट होतं. ते आधी सरकवायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण ते दोन माणसांचं कपाट आहे, बाईंची पाठ धरलेली, आणि त्यांना उचला म्हणायची माझी हिंमत नव्हती. म्हटलं जपून जाऊ. पातं आत घातलं आणि चौकटीच्या बुडाने डावीकडून उजवीकडे नेऊ लागलो. आता चौकट कुठे संपते आणि कपाटाचा पाय कुठे सुरू होतो, हे कापणाऱ्याच्या बाजूने दिसत नाही. त्याचाच हात मध्ये येतो. ते पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला दिसतं. आपल्याकडे पलीकडे उभा असलेला माणूस म्हणजे मी. एकतीस वर्षं तू कापलंस आणि मी पलीकडून धरलं. तू मान वर करायचा नाहीस, रेघेकडे बघायचा नाहीस, मी हां, हां, हां म्हणत राहायचो आणि ज्या क्षणी पुरे म्हणेन त्या क्षणी तुझा हात थांबायचा. एका केसाचा फरक कधी पडला नाही. लोकांना वाटायचं मिस्त्री राबतात आणि मुकादम नुसता उभा राहतो. (नावही तूच ठेवलंस, पहिल्याच आठवड्यात.) पण तू कधी तसं म्हणाला नाहीस.

तर मी कापत होतो. भुसा पांढरा येत होता, चौकटीचा. मग एकदम तांबूस यायला लागला. चौकटीत तांबूस लाकूड नाही हे मला ठाऊक होतं, म्हणजे पातं कुठे गेलं तेही तत्काळ कळलं. आणि मी मोठ्याने म्हटलं, पुरे. नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या जागी, एका केसाचा फरक नाही. म्हटलं आणि स्वस्थ कापत राहिलो. कारण एकतीस वर्षांत माझ्या तोंडाने पुरे म्हटलं की थांबायचा तो तुझा हात. माझ्या हाताला ती सूचना कधी कोणी दिलीच नव्हती. तो आपला दुसऱ्या कोणाला तरी सांगितलंय असं समजून पुढे निघाला, आणि कपाटाचा पाय या टोकापासून त्या टोकापर्यंत कापून बाहेर आला.

कपाट एकदम पडलं नाही. आधी थोडं पुढे झुकलं, मग त्याचं दार उघडलं, मग एकेक जोड बाहेर यायला लागला, शाळा सुटल्यासारखा. बाईंनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही पुरे म्हणालात ना?" मी हो म्हटलं. "मग थांबला का नाहीत?" मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, म्हणजे आपण कसं काम करतो, तू अलीकडे, मी पलीकडे, हां कधी म्हणायचं आणि पुरे कधी. पाऊण तास लागला. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही, चष्मा काढून पुसला तेवढाच. कपाटाच्या पायाला मी ठोकळा लावून दिला, आता ते सरळ उभं आहे. उरलेले तीन पायही बारीकसे कापून सारखे करू का असं विचारलं, तर त्यांनी यंत्राकडे बोट दाखवून ते आधी पेटीत ठेवा म्हणून सांगितलं. उरलेल्या चौकटींबद्दल काय बोलणं झालं ते नंतर लिहितो.

यावरून तू लगेच घाईने काही अर्थ काढू नकोस. नव्या हत्याराला हात सरावायला वेळ लागतोच, आणि माझ्या हाताला तर हत्यार म्हणजे काय हेच वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी समजतंय. मी आता युक्ती काढली आहे. कापायच्या आधी स्वतःला बजावतो की आज पुरे म्हणणारा आणि थांबणारा एकच आहे. कधी कधी ते लक्षात राहतं. दुकानात एकटा असलो की मी हां, हां मोठ्यानेच म्हणतो, म्हटल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. शिंप्याने त्याबद्दल हिच्याकडे चौकशी केली म्हणे.

एक गोष्ट मात्र कामाची नाही तरी लिहितो, कारण तू खरं लिही म्हटलंस. यंत्राचा आवाज मोठा आहे, डोक्यात घुसतो, आणि मला वाटायचं बंद केलं की बरं वाटेल. पण ते बंद केलं की दुकान इतकं शांत होतं की मी ते पुन्हा चालू करतो. तू काही फार बोलणारा माणूस नव्हेस. दिवसभरात आपण जे बोलायचो ते बहुतेक माप आणि शिव्या, आणि चार वाजता चहा कोणी सांगायचा यावरून भांडण. तरी करमत नाही, मिस्त्री. तुझी फार आठवण येते. रंध्याच्या सालपटांचा ढीग तुझ्या पायाशी साठायचा आणि तो मी झाडायचो, आता झाडायला काही नाही, यंत्राचा भुसा पिठासारखा बारीक, तो झाडताच येत नाही, नुसता नाकात जातो. डोळ्यांना पाणी येतं ते त्यानेच. पण हे म्हटलं तसं कामाबाहेरचं आहे, ते तुझ्या हिशेबात धरू नकोस.

आता बाथरूम. आमच्या बाथरूमचं दार फुगून खाली घासत होतं, ते मागच्या वर्षापासून मिस्त्री बघतील, मिस्त्री बघतील करत राहिलं. म्हटलं यंत्र घरात आहे, बायकोला जरा दाखवू. दार बिजागऱ्यांवरून काढलं (एकट्याने, अंगठ्याचं नख काळं झालं, येतंय आता नवं), दुकानात आणलं आणि बुडाशी पेन्सिलीने रेघ मारली. तू लिहिलं होतंस की लांब सरळ कापायचं काम या यंत्राचं नव्हे, त्याला करवत किंवा रंधा, हे यंत्र फक्त जिथे दुसरं काही पोचत नाही तिथे. ते वाक्य सूचनांच्या दुसऱ्या पानावर होतं आणि त्या दिवशी माझ्याजवळ पहिलं पान होतं. कापलं. रेघ सरळ होती, कापलेलं सरळ नव्हतं. एका टोकाला जास्त गेलं म्हणून दुसऱ्या टोकाला सारखं केलं, मग मध्ये पोट राहिलं, ते काढलं, मग टोकं लांब वाटली. शेवटी दार जमिनीपासून चांगलं वीतभर वर गेलं. आता घासत नाही, एवढं नक्की. आत कोण आहे हे विचारावंही लागत नाही, पाय दिसतात. तुझी वहिनी काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की मला तिची जास्त भीती वाटते, हे तू जाणतोस. पण मी बुडाला पट्टी जोडून ते सगळं नीट केलं आहे आणि दार आता आपल्या जागी छान बसलं आहे. तो विषय संपला.

एकूण असं आहे. यंत्र चांगलं आहे, निवड तुझी असल्यामुळे ती चुकायचं कारण नाही. रोज काम करतो. गिऱ्हाईक आहे. तू तिकडे सुखात आहेस, हे तुझ्या पत्रावरून कळतं. म्हणजे पत्रात तू नातीबद्दल एक पान लिहिलंस आणि गुडघ्याबद्दल अर्धं, आणि उरलेल्या अर्ध्यात तिथल्या एका सुताराने कोणाचं तरी दार कसं वाईट बसवलंय ते लिहिलंस, बिजागरीच्या स्क्रूसकट. तेवढं सोडलं तर सुखात दिसतोस. माणसाने म्हातारपणी मुलाजवळ असावं, ऊन घ्यावं, दुसऱ्यांची दारं बघत हिंडू नये. मी तुला इथे बोलावून तुझा गुडघा पुन्हा तुझ्या इथल्या बिऱ्हाडाच्या त्या जिन्यावर घालणार नाही. तेव्हा काळजी करू नकोस, सामान बांधू नकोस.

वहिनींना नमस्कार. नातीला माझ्या वतीने एक पापा, तिचे दोन्ही दात सांभाळून.

तुझाच,
मुकादम

ता. क. कागद सोबत जोडला आहे असं वर लिहिलं ते चुकून लिहिलं. जोडलेला नाही. यंत्र चालवल्यावर तासभर हात थरथरत राहतो आणि अशा हाताने कायद्याच्या कागदावर सही करू नये, उद्या कोणी म्हणायचं ही मुकादमाची नव्हे. रोज यंत्र चालवत असल्याने सध्या हाताला उसंत नाही. तू त्याची वाट बघत बसू नकोस.

ता. क. २. मुख्याध्यापिकाबाईंच्या अजून चार चौकटी बाकी आहेत. त्यांनी स्वच्छ सांगितलं की आता मिस्त्री येतील तेव्हाच कापायच्या, तोपर्यंत मी अर्ध्या फरशीवर राहीन. वयस्कर बाई, अर्धं घर सिमेंटचं, अर्धं लाकडाचं, अडखळून पडल्या तर पाप कोणाला? हे माझं म्हणणं नव्हे, त्यांचं आहे. चार दिवसांचं काम आहे. तू आलास तर यंत्र तू चालवायचं, मी नुसता पलीकडे उभा राहीन. गुडघ्याला लागेल म्हणून तुझ्यासाठी उंच बाकडं करून ठेवलं आहे. म्हणजे करायला घेतलं आहे. पाय सारखे करायचे बाकी आहेत.

भावजी, नमस्कार. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून खाली चार ओळी लिहिते आहे. बाथरूमला आज अकरा दिवस पडदा आहे. दार दुकानात भिंतीला टेकवून ठेवलंय, त्याला पट्टी वगैरे काही जोडलेली नाही. यंत्रही त्या दिवसापासून पेटीतच आहे, तेव्हा हाताच्या थरथरण्याचं मनावर घेऊ नका. मी डबा घेऊन जाते तेव्हा हे नुसते बसलेले असतात. तुम्ही गेलात त्या सकाळी दुकानाच्या दारावर पाटी लावली होती, मिस्त्री बाहेर गेले आहेत, तासाभरात येतील. ती पाटी आठ महिने तिथेच आहे. रोज सकाळी हे ती काढतात, पुसतात आणि परत लावतात. माणसं येतात, तासभर बाकावर बसतात, यांच्याशी गप्पा मारतात आणि जातात. मी एकदा म्हटलं ती काढून टाका, तर दोन दिवस जेवले नाहीत. तुमचा गुडघा आणि घरच्यांची मर्जी बघून काय ते ठरवा. जाऊबाईंना नमस्कार, बाळाला आशीर्वाद.

ता. क. ३. पाकीट टपालात टाकण्याआधी मी ते वाफेवर उघडून हिने काय लिहिलंय ते वाचलं. खोडायला पेन घेऊन बसलो होतो. अकरा दिवस नव्हेत, नऊ आहेत. बाकीचं तसंच राहू दिलं आहे.